विहिरीवरची डोकरी

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘रेडिओ, टीव्ही, टेप दुरुस्ती’ असं लिहिलेलं होतं. पेंटरकडून चांगली मोठी अक्षरं काढून घेतली होती. पण शहाद्याच्या बाजारात आज कोणी मला थांबवलं, तर हमखास एकच विचारतो, “नाना, तुम्ही गेमवाले ना?” अरे बाबांनो, उभी हयात मी सोल्डरच्या धुरात काढली. अर्ध्या तालुक्याचे टीव्ही माझ्या हाताखालून गेले, आणि लक्षात काय राहिलं, तर दुकानाच्या मागच्या खोलीत मांडलेल्या दोन टीव्हींवर पोरं तासाच्या भाड्याने गेम खेळायची ते. आधी मला याचा राग यायचा. आता येत नाही. का येत नाही तेच सांगायला बसलोय.

एक आधीच कबूल करतो. आम्ही घरात, दुकानात, बाजारात अहिराणी बोलतो. लिहायला बसलो की शाळेतली मराठी बाहेर येते, आणि माझी बायको इंदू वाचून म्हणते, “हाई कोन बोली ऱ्हायनं?” म्हणून निवेदन मास्तरांच्या मराठीत करतो, पण माणसं बोलतील ती त्यांच्या तोंडाने बोलतील.

गेमची खोली मी काढली ती नाइलाजाने. रंगीत टीव्ही आले, ते लवकर बिघडेनात. दुरुस्ती करणाऱ्याला टिकाऊ मालासारखा शत्रू नाही. सुरतेच्या बाजारातून मी दोन मशीनं आणली आणि सोबत कॅसेटींचा ढीग. हल्लीची पोरं कॅसेट म्हटलं की गाण्यांची समजतात. गेमची कॅसेट म्हणजे साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी प्लॅस्टिकची डबी, खाली पितळी दातांची रांग. मशीनच्या खाचेत दाबून बसवायची, की टीव्हीवर गेम सुरू. नाही झाला, तर काढून फुंकायची. फुंकू नका म्हणून मी घसा कोरडा केला, कारण तोंडाच्या वाफेने दात काळे पडतात. पण सगळा तालुका फुंकायचा.

त्या ढिगात एक कॅसेट बाकीच्यांपेक्षा जाड निघाली. वर चित्रलिपीसारखी अक्षरं. सुरू केली तर बंदूक नाही, मोटार नाही, कुस्ती नाही. एक छोटं गाव, चार घरं, एक विहीर, आणि एक पोऱ्या नुसता उभा. बटण दाबलं की तो चालायचा. माणसांजवळ गेला की माणसं बोलायची, म्हणजे खाली चौकटीत ती परकी अक्षरं उमटायची. गावाबाहेर गेलं की रानात राक्षस भेटायचे. त्यांच्याशी मारामारी होती, पण तीही रीतसर. एकदा आपण मारायचं, मग थांबायचं, मग त्यांनी मारायचं. पंगतीत वाढपी पुढे सरकेपर्यंत बसावं तसं. पोरांनी एका दिवसात नाकं मुरडली. नाव वाचता येईना, म्हणून आम्ही त्याला ‘गाववाला गेम’ म्हणू लागलो, आणि कॅसेट खोक्याच्या तळाशी गेली.

ती वर काढली एका एसटी कंडक्टरने. शहादा–धडगाव गाडीवर असायचे, डुलकी काढायला दुकानात यायचे आणि पंख्याखाली बसायचे. पोटाचे पक्के, आवाजाचे मोठे. त्यांना पटापट बटणं दाबायचे गेम जमत नसत. म्हणाले, “नाना, घाई नही अशी काही शे का?” मी गाववाला गेम लावून दिला. त्यानंतर कंडक्टर साहेबांची डुलकी बंद झाली. जाईल त्या गावाला ते आपल्या भागातली नावं देत. पहिलं गाव धानोरा, का तर त्यांच्या सासरी अशीच गावाच्या तोंडाशी विहीर होती. नदीवरच्या पुलाजवळ घोड्यांचा तबेला दिसला, ते आपोआप आमचं घोडेबाजाराचं सारंगखेडा झालं. पुढे एका बाजारगावात तलवारी आमच्या खापरच्या बाजारासारख्या महाग मिळायच्या, त्याला खापर नाव पडलं. उत्तरेच्या डोंगरांना वेगळं नाव द्यायची गरजच नव्हती. तो सातपुडाच.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाकीचे गेम मेलात की संपले. हा महिनोन्‌महिने चालायचा, म्हणून कुठवर आलो ते लक्षात ठेवायची सोय कॅसेटीतच केलेली होती. आत तीन खण होते. एका खणात एकाचा प्रवास. लक्षात ठेवणारी चिप आत असते आणि तिला जिवंत ठेवायला मनगटी घड्याळात असतो तसा एक सेल झाळलेला असतो. मशीन बंद असलं तरी सेल तिला रात्रंदिवस घास घास भरवत राहतो. सेल मेला की तिन्ही खण कोरे. आणि सेल बदलायला जावं तर जुना काढताक्षणीच सगळं पुसतं. त्यावर उपाय असा, की जुना काढण्याआधी नवा बाजूने तारेने जोडायचा. कडेवरचं मूल एकाने खाली ठेवण्याआधी दुसऱ्याने घ्यावं, तसं. हे मला कोणी शिकवलं नाही. दोन कॅसेटी मारल्या तेव्हा कळलं.

तर खण तीन आणि खेळणारा सगळा गाव. भांडणं नको म्हणून मी कायदा केला. ज्याचा खण त्याचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. पण जो बरेच आठवडी बाजार दिसला नाही, त्याचा खण सगळ्यांसमोर पुसून पुढच्याला द्यायचा. एक खण कंडक्टरांचा. एक धडगावकडच्या वसतिगृहातल्या पोरांचा मिळून. ती रविवारी यायची आणि पुढे कुठे जायचं यावरून आपसात त्यांच्या पावरी बोलीत कडाकडा भांडायची. आणि पहिला खण हेमराजचा. म्हणजे कागदोपत्री हेमराजचा.

हेमराज तापीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा, सारंगखेड्याच्या पुढे त्यांचं गाव. शहाद्याला शिकायला मावशीकडे राहायचा. मोठी बहीण वनिता कॉलेजात होती. हेमराज गेम खेळायला जातो म्हणून मावशीने तिला लक्ष ठेवायला पाठवलं. गेमच्या खोलीत मुलगी, हे त्या काळी कोणाला रुचणारं नव्हतं. पण माझी इंदू काही ऐकून घेणारी नाही. तिने स्वयंपाकघरातला पाट आणून हेमराजच्या स्टुलामागे टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “बठ वं माय आठे. ज्याले वंगाळ दिखी, त्यानी डोया झाकी लेवाना.” कोणी डोळे झाकले नाहीत, पण कोणी काही बोललंही नाही.

पहिल्याच दिवशी हेमराज विहिरीपाशी गेला. तिथे एक डोकरी उभी असायची, पांढऱ्या केसांची, वाकलेली. बटण दाबलं, अक्षरं उमटली. हेमराजने मान वळवून विचारलं, “ताई, काय म्हनस वं ती?”

वनिताला ती लिपी जितकी येत होती, तितकीच मला येत होती. पण ती एक क्षणही थांबली नाही. म्हणाली, “म्हनस, जेवीसनी जाय रे भाऊ, आन आखाजीले घर ये.”

बाहेरच्यांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा मोठा सण. सासरी गेलेल्या मुली आखाजीला माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि येतात म्हणजे आपल्या आपण उठून येत नाहीत. भाऊ मुराळी होऊन घ्यायला जातो, तिची पिशवी उचलतो, तेव्हा ती निघते. न बोलावता माहेरी जाणं आमच्याकडे शोभत नाही. कितीही जीव तुटला तरी नाही.

त्या दिवसापासून गाववाल्या गेमला वाचा फुटली. हेमराज बटणं दाबायचा आणि वनिता सांगायची. तलवार विकणारा मारवाडी काय बोलला, राजाची मुलगी का रडते, पुलावरचा शिपाई का अडवतो, सगळं अहिराणीत. शिपाई लाच मागायचा. राजा बहिरा होता, त्याला सगळं दोनदा सांगावं लागायचं. इंदू भाकरी तव्यावर टाकून यायची आणि राजाच्या पोरीचं काय झालं म्हणून विचारायची. भाकरी करपायची. वसतिगृहातली पोरं ऐकून घ्यायची आणि आपल्या खणात खेळताना तेच पावरीत सांगायची. कंडक्टर साहेबांना एकदा मी म्हटलं, “अहो, ती पोर मनाचं सांगते.” ते माझ्यावरच उखडले. “तुम्हाले काय माहीत? तुम्ही वाचं का?”

आणि एक रीत पडली, ती कोणी पाडली नाही. खेळ सुरू करताना आणि थांबवताना आधी विहिरीवर जायचं आणि डोकरीशी बोलायचं. कोणीही खेळो, खोलीतले सगळे एका सुरात म्हणायचे, “जेवीसनी जाय रे भाऊ, आन आखाजीले घर ये.” माझं अर्धं गिऱ्हाईक घरापासून लांब राहणारं होतं. वसतिगृहातली पोरं, मुक्कामाचे कंडक्टर, मावशीकडे राहणारा हेमराज. त्यांना ते वाक्य का लागलं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं.

त्या कॅसेटीवर एक मोठं संकट आलं, ते आमच्या घरातूनच. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. माझी माय तेव्हा होती. तिने पाटावर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मीटर मांडलं आणि म्हणाली, पोट तर आता या डब्यांवर चालतंय, यांचीही पूजा हवी. मी बाजारात होतो. येऊन पाहतो तर सगळ्या कॅसेटी ओळीने उभ्या, दात वर करून, आणि प्रत्येकीच्या दातांवर ओलं हळद-कुंकू, अक्षता, वर पळीभर पाणी. हिंदुस्थानात कितीतरी ठिकाणी या कॅसेटी गेल्या असतील, पण पळीने आंघोळ फक्त आमच्याच कॅसेटींना मिळाली असेल.

बाकीच्या वाळवल्या, चालल्या. गाववाला गेम चालेना. आणि वेळ कशी, तर वनिताचं लग्न ठरलेलं. बारडोलीकडचं स्थळ, तुळशीचं लग्न झालं की लगेच तिथी. त्यांच्या खणातला पोऱ्या शेवटच्या राक्षसाच्या किल्ल्याच्या दाराशी उभा होता. लग्नाआधी राक्षस मारायचा, हे खोलीतल्या सगळ्यांनी मनावर घेतलं होतं. हेमराज रडवेला होऊन उभा राहिला. वनिताने नुसता पाट ओढला आणि ती माझ्या टेबलाजवळ बसली.

मी कॅसेट उघडली. दातांत कुंकवाचा चिखल होता, तो स्पिरिटने आणि शाळेतल्या खोडरबराने निघाला. पण पाण्याने सेलचा एक पाय गंजून सुटायला आला होता. जरा धक्का लागला असता तर तिन्ही खण गेले असते. बाजूने दुसरा सेल जोडायचा तर मला हात कमी पडत होते. हेमराजने तारा धरल्या. तारा हलू नयेत म्हणून वनिताने मागून त्याचं मनगट धरलं. “श्वास सोडू नको रे,” म्हणाली. मी झाळलं. टीव्हीला लावलं. पहिला खण उघडला, किल्ल्याच्या दारात पोऱ्या उभा होता. माझी माय दारातून म्हणाली, “पूजा करी म्हनीसन वाचनी.” तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

राक्षस मात्र लग्नाआधी मेला नाही. दोघांनी पुष्कळ प्रयत्न केले. शेवटी वनिता म्हणाली, “ऱ्हाऊ दे. आखाजीले येसू ना मी, तवय मारूत.” आणि पहिल्या आखाजीला हेमराज मुराळी होऊन बारडोलीला गेला, बहिणीला घेऊन आला. गावाला जाण्याआधी दोघं दुकानात आली. राक्षसाने पुन्हा धूळ चारली. पुढच्या आखाजीला ती बाळंतपणात होती. मधल्या काळात हेमराज एकटा येऊन बसायचा, दोन पावलं चालायचा आणि माझ्याकडे वळून बघायचा. मी एकदा सांगून पाहिलं, राजा असं म्हणतो, शिपाई तसं म्हणतो. पोराने माझं ऐकून घेतलं, मग म्हणाला, “नाना, ऱ्हाऊ द्या.” त्यानंतर तो गेमला आला नाही. पण त्यांचा खण मी कधी पुसला नाही. कायदा माझा होता, मोडायचा हक्कही माझाच.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि गेमची खोली ओस पडली. टीव्ही भंगारात गेले. कॅसेट मी टेबलाच्या खणात ठेवली आणि विसरलो. एकदा सहज जुनं मशीन लावून पाहिलं, तर सेल कधीच संपलेला. तिन्ही खण कोरे. कंडक्टर साहेब तोवर निवर्तले होते. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. माणूस गेल्यावर त्याच्या घराला कुलूप बघावं, तसं झालं.

आता यंदाच्या आखाजीचं सांगतो. सणाचा आदला दिवस, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. दुकान आता नावालाच आहे. मिक्सर, पंखे, रिमोट येतात, मी सवयीने बसतो. दारात एक बाई उभी राहिली. केस पिकायला लागलेले, गळ्यात चष्मा, हातात प्रवासाची पिशवी.

“वयखं का नाना?”

आवाजावरून ओळखलं. इंदू आतून धावत आली, आणि काही न विचारता आधी तोच पाट घेऊन आली. वनिता पाटावर बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण बसली.

तिने पिशवीतून एक यंत्र काढलं. हातात मावेल एवढा पडदा, दोन बाजूंना बटणं. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याने दिलेलं. तिने मुलाला लहानपणी रोज झोपताना गाववाल्या गेमच्या गोष्टी सांगितल्या होत्या, बहिऱ्या राजासकट. मुलाने शोधून काढलं, की तो जुना गेम कंपनीने पुन्हा बाजारात आणलाय, या छोट्या मशीनवर, चित्रं जरा उजळून, आणि आता इंग्रजीत. “बटन बिघडेल शे,” वनिता म्हणाली. “देखा जरा.”

मी बघितलं. चारही बाजू दाबल्या, चालवून पाहिलं. बटण ठणठणीत होतं. तसं सांगितलं.

तिने यंत्र माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणाली, “मन्हा हात चालत नही नाना. मन्हं फक्त तोंड चालस. हात तं त्याना व्हतात.”

मग तिने सांगितलं. त्यातलं थोडं मला माहीत होतं, बरंचसं नव्हतं. वडील वारल्यावर हेमराज हक्कसोडीचा कागद घेऊन बारडोलीला गेला होता. बहिणीने जमिनीतला वाटा सोडला असं लिहून देण्याचा कागद. सगळीकडे बहिणी देतात. कागद टाइप करून तयार, सहीच्या जागेवर फुली, खिशातून पेन काढून पुढे केलं. वनिताने सही केली नाही. तो उठून निघून आला. त्या वर्षापासून आखाजीला मुराळी येणं बंद. आखाजीला माय दारात एकटीच झोक्याकडे बघत बसते, असं शेजारणींकडून कळतं.

“मी सही करी बी देतू नाना,” ती म्हणाली. “जमीन काय मी उचलीसन लई जातू का? पन त्यानी इचारं नही. ‘ताई, तू काय म्हनस’ इतलं बी नही. आख्खं बालपन इचारीसन डोकं खादं मन्हं, आन तठेच इचारं नही.”

बारडोलीहून शहाद्याला एकटी आली होती. गावाची गाडी स्टँडवर समोर उभी होती, पण त्या गाडीत ती चढली नव्हती. चढणारही नव्हती. मी तिला ओळखतो.

मी फोन उचलला. इंदू म्हणाली, “काही तरी निमित्त सांगा, नही तं तो येवाव नही.” मला निमित्तं जमत नाहीत. मी म्हटलं, “हेमराज, नाना बोली ऱ्हायनू. गाववाला गेम परत उना शे. तुन्हा खण रिकामा शे.”

“नाना, सकाय आखाजी शे. माले टाइम नही.”

“वनिता बठेल शे आठे.”

तिकडून फोन बंद झाला. वनिताने विचारलं नाही तो काय म्हणाला. चहा झाला, तिने अर्धा ठेवला. शेवटची परतीची गाडी किती वाजता आहे एवढं विचारलं. मी घड्याळ बघायचं टाळलं.

सावल्या लांबायला लागल्या तेव्हा दाराशी मोटारसायकल थांबली. हेमराज आत आला. कपाळ मोठं झालेलं, मिशा पांढऱ्या. बहिणीकडे न बघता त्याने विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर माझ्या टेबलावर ठेवला. “नाना, हाऊ स्टार्टर देखा. धरत नही.” मी स्टार्टर उघडला. नवा कोरा होता. बहीण आणि भाऊ दोघंही चांगल्या वस्तू दुरुस्तीला घेऊन आले होते. मी तसं बोलून दाखवणार होतो, पण इंदूने माझ्याकडे असं बघितलं की गप्प बसलो.

मी स्टूल पुढे सरकवलं. तो बसला. वनिता मागे, पाटावर. तिने हात लांब करून ते यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं. पडदा लहान, म्हणून तिला पुढे वाकावं लागलं. हेमराजने बटण दाबलं.

चार घरं, विहीर, आणि मध्ये पोऱ्या. तेच सूर वाजले, जरा स्वच्छ. माझ्या अंगावर काटा आला, लपवत नाही. हेमराजचा अंगठा काही न विसरता वळला आणि पोऱ्या सरळ विहिरीवर गेला. डोकरी तिथेच होती. त्याने बटण दाबलं. चौकट उघडली, इंग्रजी अक्षरं उमटली. मी चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून वाचलं. इंग्रजी माझं कामापुरतं, पण एवढं कळलं. डोकरी सांगत होती, की हत्यार नुसतं विकत घेऊन पिशवीत ठेवलं तर काही उपयोग नाही, ते अंगावर चढवावं लागतं. नव्याने खेळणाऱ्याला सूचना. एवढी वर्षं ती बाई हेच सांगत होती.

हेमराजनेही वाचलं. तो बीएस्सी झालेला आहे. त्याचा अंगठा बटणावरच थांबला.

वनिताने गळ्यातला चष्मा डोळ्याला लावलाच नाही. मागून हळूच म्हणाली, “भाऊ, काय म्हनस रे डोकरी?”

तो पडद्याकडे बघत राहिला. अंगठ्याने काच पुसली.

“म्हनस... आखाजी उनी. घर चाल ताई, माय वाट देखी ऱ्हायनी.” आणि पुढे म्हणाला, “म्हनस, मी आखो कागद बिगद लई येवाव नही. इचारसू आधी.”

वनिताने नाक ओढलं. मग म्हणाली, “पह्यले तं इतलं बोले नही ती.”

“नवी कॅसेट शे,” हेमराज म्हणाला.

इंदू जेवून जा म्हणाली. दोघं एकदमच म्हणाली, घरी जेवू. हेमराजने बहिणीची पिशवी उचलली, मोटारसायकलच्या हँडलला अडकवली, आणि ती मागे बसल्यावर पदर चाकात जात नाही ना, ते वाकून बघितलं. जमिनीचं पुढे काय ठरलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. राक्षस अजून जिवंत आहे, एवढं नक्की.

दुकानात वळलो तर स्टार्टर टेबलावर आणि ते यंत्र स्टुलावर तसंच. पडद्यावर डोकरी विहिरीपाशी उभी. मी बसलो, जाड बोटाने बटण दाबलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, इंग्रजीत, हत्यार अंगावर चढवायचं म्हणून. मी म्हटलं, “ऱ्हाऊ दे माय. तुले काय माहीत.” आणि यंत्र बंद करून इंदूला जेवायला वाढायला सांगितलं.